वास : नेहमीचा

साजगावला मी ज्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, तिथं प्रत्येक बॅचमागे नोंदवहीत आठ रकाने भरावे लागतात. रंगाची छटा, दाटपणा, वाळायला लागणारा वेळ असे सात रकाने यंत्रं सांगतील तसे मी उतरवते. आठवा माणसानं भरायचा असतो. डब्याचं झाकण उघडायचं, डबा नाकाजवळ न्यायचा, एक श्वास घ्यायचा आणि लिहायचं, वास : नेहमीचा. वेगळा वाटला तर बॅच थांबवायची. एकदा टँकरमधून भलतंच थिनर आलं होतं. ते मी झाकण उघडल्याबरोबर सांगितलं आणि यंत्रानं तेच सांगायला संध्याकाळ केली. तेव्हापासून कारखान्यात मला ‘नाकवाल्या बाई’ म्हणतात. मला ते आवडायचं. तशीही नाकानं कांदे सोलायची सवय मला लहानपणापासून आहे, असं माझी आई म्हणायची.

ते नाक कधी गेलं ते मला कळलंच नाही. एका रविवारी तव्यावर सुके बोंबील टाकून मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. शेजारीण दार बडवायला लागली म्हणून उठले, तर घरभर धूर. ती पदर नाकाला लावून दारात खोकत उभी, आणि मला काहीच नाही. जळलेल्या बोंबलाचा वास ज्या माणसाला येत नाही, त्याला मग कशाचा येणार? त्या दिवशी मी घरातली एकेक गोष्ट हुंगून पाहिली. हिंग, रॉकेल, अत्तराची जुनी बाटली, लसूण. सगळं पाण्यासारखं.

खोपोलीच्या डॉक्टरांनी नाकात बत्ती घालून पाहिलं आणि विचारलं, किती वर्षं थिनरमध्ये काम करताय. मी सांगितलं. त्यांनी कागद पुढं ओढला होता, तो काही न लिहिता बाजूला ठेवला.

मी हे कोणालाही सांगितलं नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. नाकवाल्या बाईंना नाक नाही, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मी डबा पूर्वीसारखाच नाकाजवळ नेत राहिले, श्वास घेत राहिले, मान हलवत राहिले आणि लिहीत राहिले, नेहमीचा. बाकीचे सात रकाने बरोबर असले की आठवा सहसा बरोबरच असतो. ही माझ्यापुरती लबाडी आहे, तिच्यात कोणाचं काही जात नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

आता टेबल टेनिसचं. आमच्या कारखान्यात कामगारांसाठी एक क्लब आहे, म्हणजे एक पत्र्याची खोली, एक कॅरम आणि एक टेबल. कॉलेजात असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळले होते, म्हणून ते टेबल आपोआप माझ्याकडे आलं. पुढं तालुक्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बोलवायला लागले. आणि तिथं मी जे पाहिलं त्यानं माझं डोकं फिरलं.

टेबल टेनिसची बॅट म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर स्पंज आणि स्पंजवर रबर. त्या स्पंजला काही द्रावणं पाजली की तो फुगून ताठ होतो आणि चेंडू गोफणीतून सुटावा तसा सुटतो. याला बंदी आहे. एक तर ती वाफ पोरांच्या छातीत जाते, आणि दुसरं म्हणजे ही सरळसरळ फसवणूक आहे. बंदी पुस्तकात होती, पण आमच्याकडे तपासणार कोण? पंच बॅट हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे, परत द्यायचे. तोवर शिकवणीला जाणारी पोरं बाथरूममध्ये बाटल्या उघडून बॅटीला मालीश करून आलेली असायची. चांगल्या घरची पोरं, आणि आईबाप बाहेर पहारा द्यायला.

मग मी हात दाखवून अवलक्षण केलं. आमच्या ड्रमच्या शेडमध्ये हवेतली वाफ मोजायचं एक लहान मीटर असतं. ते स्पर्धेपुरतं मिळवलं. बॅट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात दहा मिनिटं बंद करून ठेवायची आणि झाकणाच्या भोकातून मीटरची नळी आत घालायची, अशी पद्धत मीच बसवली. किती आकड्यापर्यंत चालेल ते मीच ठरवलं. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या लोकांना नियम लिहून हवा होता, तोही मीच लिहिला. ‘सामन्यानंतरच्या तपासणीत बॅट दोषी आढळल्यास सामना प्रतिस्पर्ध्यास देण्यात येईल. कारण विचारात घेतले जाणार नाही.’ हे शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. कारणं सांगणारी माणसं मला कारखान्यात रोज भेटतात आणि मला त्यांचा वीट आला होता. ते वाक्य लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं आणि मला फार बरं वाटलं.

आमच्या शेडमध्ये ड्रम चढवणारा एक कामगार कोंडाण्याहून येतो. त्यानं एकदा मला क्लबच्या दारात थांबवलं.

“बाई, पोरीला रविवारची घेऊन येऊ का? शाळेतलं टेबल वाळवीनं खाल्लं. आता घरी धोपटण्यानं भिंतीवर चेंडू मारतेय. भिंतीचा गिलावा गेला पार.”

धोपटण्यानं कपडे धुतात हे मला माहीत होतं. त्यानं कोणी बॅकहँड शिकू शकतं हे ती मुलगी आल्यावर कळलं. बारीक, काळीसावळी, बोलायला कंजूस. पण चेंडू कुठं येणार हे तिला माझ्या आधी कळायचं. तीन वर्षं ती दर रविवारी बापाबरोबर खोपोलीची गाडी पकडून येत राहिली. मी तिच्यावर ओरडायची, ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी ती चूक करायची नाही. मला मूलबाळ नाही. तिच्याबद्दल मला काय वाटायचं ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आता लिहिते आहे. ती आली नाही तर माझा रविवार वाया जायचा.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलीला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळते. राहणं, जेवण, शाळा, रोज दोन वेळचा सराव. वयाची अट असल्यामुळे तिचं हे शेवटचं वर्ष होतं. ती जागा मिळाली नाही तर पुढं काय, हे कोंडाण्यात कोणाला विचारायची गरज नव्हती. दहावीनंतर मुली कळंबकडच्या रिसॉर्टवर कामाला लागतात, आणि दोन-तीन वर्षांत लग्न.

म्हणून मी तिच्यासाठी नवी बॅट तयार केली. फळी माझीच जुनी, रबर नवं. पाण्यात कालवलेला, परवानगीचा डिंक लावून मी ते स्वतःच्या हातानं चिकटवलं आणि नव्या रबराची वाफ निघून जावी म्हणून चार दिवस खिडकीत ठेवलं. मीटर लावून पाहिलं, शून्य. मग तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “पावसाचे दिवस आहेत, रबराला बुरशी धरेल. आईला सांग, सोन्यासारखी जपायची.”

ती जपत होती. दर रविवारी प्लास्टिकच्या पिशवीला मारलेली गाठ सोडून ती बॅट काढायची आणि आधी माझ्या हातात द्यायची. मी रबरावरून अंगठा फिरवायची, कडा बघायची, बॅट नाकाजवळ न्यायची, श्वास घ्यायची आणि मान हलवून परत द्यायची. हे सगळं मी न ठरवता करायची. इतक्या वर्षांची डबे हुंगायची सवय, हात आपोआप वर जातो. तिथं दुसरं कोणी काही बोलावं असंही नव्हतं, कारण आमच्या क्लबात कारखान्याचाच वास इतका असतो, असं लोक म्हणतात, की त्यात बाकीचे वास बुडून जातात.

स्पर्धा कर्जतच्या एका शाळेच्या सभागृहात होती. मी शेजारच्या वर्गखोलीत मीटर, डबे आणि तक्ते मांडून बसले. सामन्याआधी कोणाला स्वतःहून बॅट तपासून घ्यायची असेल तर तशी सोय मी ठेवली होती. तेव्हा दोष निघाला तर काही शिक्षा नाही, फक्त बॅट बदलायची. सकाळपासून शिकवणीच्या पोरांची रांग लागली. मीटरला सगळे टरकले होते. बाटल्या घरी ठेवून आले होते बहुतेक.

ती रांगेच्या शेवटी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा पहिल्या सामन्याचा पुकारा झाला होता.

“बाई, माजी बी बघता का?”

“तुझी काय बघायची? मीच केली ना. पळ, पुकारलंय.”

तिची बॅट डब्यात ठेवायला दहा मिनिटं लागली असती. पुकारा थोडा थांबवता आला असता, इतरांसाठी दोनदा थांबवलाही होता. पण माझ्या मुलीला मी झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, हे माझ्या डोक्यात होतं. शिवाय माझ्या हातच्या कामात दोष असू शकतो हे मला पटणारं नव्हतं. यातलं कोणतं कारण जास्त मोठं होतं ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

ती सगळे सामने जिंकली. अंतिम सामन्यात समोर खोपोलीची मुलगी होती, गेल्या वर्षीची उपविजेती. पाचव्या गेमपर्यंत गेलं. शेवटचे गुण मी दारातून पाहिले, पाहायला नको होतं, पण पाहिले. तिनं तोच धोपटण्याचा बॅकहँड मारला आणि चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला. टाळ्या झाल्या. बाप मागच्या भिंतीला टेकून उभा होता, त्यानं खाकी टोपी काढून चेहऱ्यावर धरली.

नियमाप्रमाणे दोघींच्या बॅटी माझ्याकडे आल्या. खोपोलीच्या मुलीची स्वच्छ निघाली. मग हिची डब्यात ठेवली. दार-खिडक्या बंद, खोलीत फक्त आम्ही दोघी, कारण तपासताना खेळाडू समोर असला पाहिजे हाही माझाच नियम. त्या दहा मिनिटांत मी तिला म्हटलं, वसतिगृहात पहाटे उठावं लागतं, आतापासून सवय कर. ती पहिल्यांदाच दात दाखवून हसली.

नळी आत घातली आणि आकडा चढायला लागला. माझी मर्यादा ओलांडली, तरी चढतच राहिला. मी मीटर बंद करून पुन्हा लावलं. रिकाम्या डब्यावर शून्य. तिच्या डब्यावर पुन्हा तेच.

“मशीन बिघडलं असंल, बाई.”

“मशीन बिघडलेलं नाही.”

मी डबा उघडला, बॅट काढली, नाकाजवळ नेली. श्वास घेतला. ती माझ्याकडे बघत होती. मी बॅट खाली ठेवली.

“काय लावलंस?”

“काय नाय लावलं.”

“खरं सांग. बाबांनी शेडमधून काही आणलं होतं का? थिनर? एवढंसं, बाटलीत?”

तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडली नाही. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी दुसरीच बाई आहे आणि तिची बाई बाहेर गेली आहे.

“बाबा तसं नाय करत,” ती म्हणाली.

मी तक्ता पुढं ओढला आणि सही केली. माझ्या मनात त्या वेळी दुःखापेक्षा राग जास्त होता, हे मला कबूल केलं पाहिजे. तीन वर्षं मी जिच्यासाठी रविवार दिले तिनं माझ्याच मीटरसमोर माझं नाक कापलं, असं मला वाटत होतं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

सभागृहात पुकारा झाला, ‘रासायनिक प्रक्रिया केलेली बॅट’. खोपोलीकडच्या पालकांनी हुर्यो केली. साऱ्या स्पर्धेत माझ्या मीटरला एकच बॅट सापडली, ती ही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं दिली, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बातमी कोंडाण्याला पोचेपर्यंत तिचं ‘पोरगी औषध घेऊन खेळली’ असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाप प्रयोगशाळेच्या दारात आला. आत आला नाही.

“बाई, मी आजपत्तुर या गेटातनं चिंधीचा तुकडा भायेर नेला नाय.”

मी काहीतरी म्हणाले. तो ऐकायला थांबला नाही. थिनरबद्दल मी पोरीला विचारलेलं कोणी बाहेर नेलं ते देवाला ठाऊक, कदाचित मीच रागाच्या भरात कोणापाशी बोलले असेन. आठवड्याभरात कंत्राटदारानं त्याला ड्रमच्या शेडवरून काढून आवार झाडायला लावलं. त्यानंतर मी समोरून गेले की तो झाडू थांबवायचा, मी गेले की पुन्हा सुरू करायचा. एवढाच आमचा संबंध उरला.

रविवारी ती आली नाही. पुढच्याही रविवारी नाही. राग ओसरला तसं माझ्यातलं रसायनशास्त्र जागं झालं. थिनर असतं तर रबराची कड सुटली असती. तेल असतं तर बोटाला लागलं असतं. तसलं काहीच नव्हतं. मग त्या डब्यात होतं काय? गणपती उरकल्यावर मी कर्जतहून रिक्षा केली आणि कोंडाण्याला गेले. लेणी बघायला निघालेली मुंबईची पोरं त्याच वाटेनं पाठीवर पिशव्या लावून चालली होती. तिच्या घरी पाण्याच्या बाटल्या विकायला ठेवतात, ही खूण सांगितल्यावर त्यांनीच मला घर दाखवलं.

आई अंगणात होती. मला वाटलं होतं, उंबऱ्यावरूनच हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं.

“या बाई, बसा. चा टाकते,” ती म्हणाली, आणि आत हाक मारली, “कोण आल्यात बघ गं.”

मुलगी आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, बॅट बघायची आहे.

“हाय की. कुटं जातेय?” आई म्हणाली. “तुमी सांगितलं व्हतं ना, सोन्यावानी जपा. मंग सोनं जितं ठेवत्यात तितंच ठेवली. आजून बी तितंच हाय.”

तिनं कोपऱ्यातली पत्र्याची हिरवी पेटी ओढली. झाकण उघडलं. वर तिचा लग्नातला शालू, त्याखाली घराचे कागद, एक चांदीचा करदोटा, आणि शालूच्या घडीत गुंडाळलेली बॅट. आणि सगळीकडे, शालूच्या घड्यांत, कागदांत, पेटीच्या चारही कोपऱ्यांत, पांढऱ्या डांबर गोळ्या. पावसात पेटीतल्या कापडाला कसर लागू नये म्हणून इथं घरोघरी टाकतात. आमच्याही घरी टाकायचे. बॅटीच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिनं वेगळ्या चार टाकल्या होत्या आणि वर घट्ट गाठ मारली होती. मुलगी खेळायला निघाली की तेवढ्या चार काढून पेटीत ठेवायची.

डांबर गोळी हवेत विरत जाते, म्हणूनच ती महिन्याभरात बारीक होते. तिची वाफ रबर आणि स्पंज पोटभर पिऊन ठेवतात. मीटरला थिनर आणि डांबर गोळी यांतला फरक कळत नाही. नाकाला कळतो. शेंबड्या पोरालाही कळतो.

“ह्या गोळ्या तेव्हाही होत्या?” मी विचारलं.

“मंग? पयल्या दिवसापास्नं.”

तेव्हा मुलगी बोलली. आवाज चढवला नाही.

“वास तर पयल्या रविवारपास्नंच येत व्हता, बाई. तुमी दर येळी नाकाला लावून बघायचा आन मान हलवायचा. मला वाटलं, चालतंय. त्या दिवशी मशीनजवळ बी तुमी वास घेतला. काय बोलला नाय. म्हून मला वाटलं, ते दुसरंच कायतरी हाय.”

मी त्या घरात जमिनीवर बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मोठ्यानं म्हटलं.

“मला वास येत नाही. कशाचाच येत नाही.”

आईला ते खरं वाटलं नाही. तिनं पेटीतली एक गोळी उचलली आणि माझ्या नाकापाशी धरली. तिच्या बोटांना राखेचे डाग होते.

“ह्याचा बी नाय?”

“नाही.”

तिनं गोळी स्वतः हुंगली. मग पेटीकडे पाहिलं, मग बॅटीकडे. तिला कळत गेलं ते मला दिसत होतं आणि ते थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं.

“म्हंजी हे मी केलं?”

“नाही हो. मी केलं. नाक माझं गेलंय, तुमची काही चूक नाही.”

मी हे पाच-सहा वेळा म्हटलं. पण तिला ऐकू येत होतं असं वाटलं नाही. ती गोळी मुठीत धरून बसून राहिली. चुलीवरचा चहा उतू गेला, तो मुलीनं उतरवला. निघताना मी बॅट मागितली, वारा देऊन आणते म्हटलं. मुलीनं ती माझ्या पिशवीत टाकली.

घरी येऊन मी संघटनेला पत्र लिहिलं. डांबर गोळ्यांबद्दल सगळं समजावून लिहिलं, मुलीचा काही दोष नाही हे लिहिलं, सामना पुन्हा खेळवा असं लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. सकाळी तपासून घ्यायला आलेल्या मुलीला मी परत पाठवलं हेही लिहिलं, पण मला वास येत नाही हे लिहिलं नाही. लेखणी त्या जागी येऊन थांबली, मी उठून पाणी प्याले आणि पुढचं वाक्य सुरू केलं. ते पत्र कारखान्यात कोणाच्या हाती पडलं तर, एवढीच भीती होती. सोळा वर्षांच्या मुलीच्या नावापुढं मी माझा आठवा रकाना ठेवला.

उत्तर लवकर आलं. भाषा सभ्य होती. जागेवर दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीची निवड झालेली असून ती रुजू झाली आहे. नियमात स्पष्ट म्हटल्याप्रमाणे कारण विचारात घेता येत नाही. खाली नियम जसाच्या तसा उतरवून दिला होता. माझंच वाक्य मला टपालानं परत आलं. मी ते फाडलंही नाही, कारण फाडून कोणाला काय दाखवायचं होतं?

पत्रात जे लिहिलं नाही ते मी आजपर्यंत कारखान्यातही सांगितलेलं नाही. रोज डबा नाकाजवळ नेते आणि लिहिते, नेहमीचा. खिडकीतून बाहेर आवार दिसतं, आणि आवारात झाडणारा माणूस दिसतो. संघटनेनं पुढच्या स्पर्धेसाठी मीटर मागितलं आहे. माझ्या पद्धतीचं फार कौतुक झालं म्हणे. एकदा वाटतं, जाऊन सगळं सांगून टाकावं. मग वाटतं, आता सांगून त्या मुलीला काय मिळणार? हा प्रश्न मला फार सोयीचा आहे हेही मला कळतं.

बॅट मी माझ्या खिडकीत उघडी ठेवली. दर आठवड्याला मीटर लावत होते. आकडा हळूहळू उतरत गेला आणि दिवाळीच्या सुमारास शून्य झाला. तिच्या आईला फोन केला. ती म्हणाली, पोरगी कळंबला रिसॉर्टवर लागली, तिकडंच जा.

गेले. हिरवळीच्या कडेला छपराखाली तिथं पाहुण्यांसाठी टेबल टेनिसचं टेबल आहे. दोन मोठे बाप्ये चपला घालून चेंडू इकडेतिकडे उडवत होते. ती मागच्या बाजूनं आली, अंगात रिसॉर्टचा टी-शर्ट, हातात बादली. बादलीत डांबर गोळ्यांचा पुडा होता. बेसिनात टाकायच्या असतात, ते तिचं काम. तिनं बादली लांब ठेवली, हात टी-शर्टला पुसले, आणि बॅट घेतली ती फक्त मुठीला धरून. रबराला बोट लागू दिलं नाही. मग नाकाजवळ नेली.

“आता नाय येत,” ती म्हणाली.

“हो. मीटरवर शून्य आहे.”

“मंग चालंल?”

“चालेल.”

तिनं मनगट एकदा हलवलं, तो बॅकहँड, रिकाम्या हवेत. टेबलाकडं पाहिलं. एका पाहुण्यानं चेंडू आणून दे म्हणून हात केला, तो तिनं आणून दिला. परत आली आणि बॅट माझ्यापुढं धरली.

“राहू दे. तुझीच आहे. ठेव तुझ्याकडे,” मी म्हटलं.

“कुटं ठेवू, बाई? घरात पेटी एकच हाय.”